दुकान डोक्यातून बाहेर काढलं तेव्हा

"पप्पा, दुकान सगळं तुमच्या डोक्यात आहे. मी येऊन बसू कुठे?"

माझी मुलगी पुण्याहून फोनवर असं म्हणाली आणि तिथून या कटकटीला सुरुवात झाली. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, तिथं एका कंपनीत नोकरीला आहे, आणि आमची एकुलती एक आहे. ढोकीला आमचं पाणबुडी मोटारींचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी विकायच्या आणि जळालेल्यांचं वायंडिंग करून द्यायचं, हा धंदा. कॉलेजात असताना ती सुट्टीला आली की काउंटरमागच्या खुर्चीत बसायची. आलेल्या माणसाला पाणी किती खोल, पाइप किती लांब, एवढं विचारून कोणती मोटार चालेल ते माझ्या आधी सांगून मोकळी व्हायची. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती, की ही पोरगी परत येणार आणि हे दुकान सांभाळणार. दर दिवाळीला मी तिला विचारायचो आणि ती हसून विषय बदलायची. या वेळी मात्र ती हसली नाही. म्हणाली, "आधी दुकानाला सिस्टीम लावा. गिऱ्हाईक कोण, मोटार कुठली, मागं काय दुरुस्त केलं होतं, हे कुठंतरी नीट दिसलं पाहिजे. मग बघू."

दुसऱ्या कुणी मला "मग बघू" म्हटलं असतं तर मी काय समजायचं ते समजलो असतो. आमच्या दुकानातून रोज निम्मी माणसं हेच म्हणून उठतात आणि पुन्हा दिसत नाहीत. पण पोरीनं म्हटलं की बापाला तो शब्द दिल्यासारखा वाटतो. मी त्याच दिवशी ठरवलं, दुकानाला सॉफ्टवेअर घ्यायचं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दुकान माझ्या डोक्यातच होतं. मोटार आली की तिच्या अंगावर मार्करनं गावाचं नाव लिहायचं, बाकीचं मी सांगणार. बेंबळीची म्हणजे ओढ्याकाठच्या विहिरीवरची, मागच्या उन्हाळ्यात हिचंच बेअरिंग गेलं होतं, मालक तापट आहे, स्टार्टर जुना आहे. हे सगळं मला न विचारता आठवतं. बायको म्हणते, "गावच्या मोटारी ध्यानात ऱ्हातेत, घरचं दळन आनायचं तेवढं ऱ्हात न्हाय."

तर मी मोबाइलवर शोधलं. गिऱ्हाइकांशी नातं सांभाळायची सॉफ्टवेअरं असतात असं कळलं. एका ठिकाणी 'अधिक माहितीसाठी आपला नंबर द्या' असं होतं, तिथं मी भल्या मनानं नंबर दिला. ही माझी पहिली चूक. मी नंबर एकाला दिला होता, फोन मात्र साऱ्या देशातून येऊ लागले. शटर वर करायच्या आत फोन, जेवताना फोन, गाडीवर असताना फोन. प्रत्येक जण गोड हिंदीत विचारणार, "सर, आपके पास महीने के कितने लीड्स आते हैं?" मी म्हटलं, लीड म्हणजे काय? तर त्यांच्या शास्त्रात माणूस थेट गिऱ्हाईक होत नाही. आधी तो लीड असतो, मग त्याला जरा रस वाटू लागतो, मग त्याची बोलणी चालतात, आणि अशा पायऱ्या चढत चढत शेवटी तो गिऱ्हाईक होतो. मी त्या पोराला समजावून सांगितलं, बाबा रे, आमच्याकडं माणूस येतो तेव्हा त्याची मोटार जळालेली असते आणि रानात ऊस वाळत असतो. त्याला रस वगैरे काही वाटत नाही, त्याला संध्याकाळपर्यंत मोटार पाहिजे असते. पोरगा म्हणाला, "बहुत बढ़िया सर, यानी आपका कन्वर्जन अच्छा है." मी फोन ठेवून दिला. पाच मिनिटांत त्याच्या साहेबाचा फोन आला.

व्हिडिओवर दाखवतो म्हणाले, तर तेही करून पाहिलं. कारखान्याचा हंगाम चालू होता. पलीकडची मुलगी पडद्यावर रंगीत तक्ते दाखवत होती आणि आमच्या दारातून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, मोठ्यानं गाणी लावून चालले होते. तिला वाटलं माझ्या दुकानात लग्न आहे. तिनं अभिनंदन केलं आणि पुन्हा केव्हा फोन करू म्हणून विचारलं.

शेवटी मुलीनंच एक सॉफ्टवेअर सुचवलं, काही महिने फुकट वापरून बघा म्हणाली. दुकानातला संगणक बाहेर काढला, त्याच्यावर उडालेली वायंडिंगची वार्निश पुसली आणि मी व माझा मेस्त्री, दोघं त्याच्यापुढं बसलो. त्या सॉफ्टवेअरला गिऱ्हाइकाचा ईमेल दिल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नव्हतं. आमच्या गिऱ्हाइकाला ईमेल विचारला असता तर तो मला मोटारीऐवजी दवाखान्याचा पत्ता सांगून गेला असता. मेस्त्रीनं डोकं चालवलं आणि सगळ्यांच्या नावापुढं दुकानाचाच ईमेल टाकला. मग त्याला जन्मतारीख पाहिजे. म्हटलं, ठीक आहे, आधारकार्डाची झेरॉक्स मागू. मग मोबाइल नंबर.

इथं खरी गोम होती. आमच्याकडं मोटार जळालेला माणूस स्वतः मोटार घेऊन येतोच असं नाही. बेंबळीकडून एक पिकअपवाला रोज भाजी घेऊन इकडं येतो. त्या वाटेवरच्या वस्त्यांवर ज्याची मोटार जळते तो ती त्याच्या गाडीत टाकतो आणि निवांत होतो. परत न्यायलाही तोच येतो. म्हणून आमच्याकडं नंबर असतो तो पिकअपवाल्याचा. मोटार तयार झाल्याचं शेतमालकाला कळवून काय उपयोग, तो काही ती खांद्यावर घेऊन जाणार नाही. तेव्हा मेस्त्रीनं वर्षानुवर्षांच्या सवयीनं नाव शेतमालकाचं टाकलं आणि नंबर पिकअपवाल्याचा. पिकअपवालाही माणूस इमानी. मी सांगितल्याप्रमाणं प्रत्येक मोटारीबरोबर मालकाच्या आधारची झेरॉक्स आणत गेला.

महिन्याभरात सॉफ्टवेअरनं मला कळवलं की तुमचं पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक सापडलं आहे, त्याला जपा. तो पिकअपवाला होता. त्याच्याकडं जमीन नाही, विहीर नाही, बोअर नाही. आहे ती एक पिकअप, आणि ती काही पाण्यावर चालत नाही. सॉफ्टवेअरनं त्याच्या नंबरापुढं सोनेरी तारा लावून ठेवला होता.

यावर आम्ही हसलो आणि पुढं चाललो. मग जून उजाडला.

आमच्या बाजूला माझ्या वयाच्या आणि त्याहून मोठ्या माणसांचा वाढदिवस कधी असतो ते कुणालाही विचारा. शाळेत घालायला नेलं तेव्हा आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. कागदोपत्री सारं गाव एकाच दिवशी जन्मलेलं आहे. हे मला लहानपणापासून माहीत होतं, मेस्त्रीला माहीत होतं, इंजिनिअर झालेल्या माझ्या मुलीला माहीत होतं. पण सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं, आणि ते आपल्याला त्याला सांगावं लागेल हे तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

एक जूनला सकाळी माझा मोबाइल वाजायला लागला तो थांबेचना. सगळ्यांच्या नावे दुकानाचा ईमेल, त्यामुळं सगळ्यांच्या शुभेच्छा मला. त्यातली एक माझ्याच दुकानानं मला दिलेली होती, कारण मेस्त्रीनं पहिलं नाव माझंच टाकून बघितलं होतं आणि माझाही वाढदिवस कागदावर तोच. दुपारी पिकअपवाला आला. गाडी रस्त्यातच उभी करून, मोबाइल पुढं धरून आत आला.

"मालक, म्या येका दिवसात किती येळा जन्मलो ओ?"

त्याच्या मोबाइलवर बेंबळीच्या वाटेवरच्या झाडून सगळ्या शेतमालकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. प्रत्येकात नाव वेगळं, खाली मजकूर तोच, की आजच्या शुभदिनी नव्या मोटारीवर आपल्याला खास सवलत.

"ह्यात बाया बी हायत," तो म्हणाला. "सातबारा बायकोच्या नावावर आसंल त्येंचं. माजी बायको इचारायली, ह्या कोन बाया म्हनून. आता तिला काय सांगू?"

"अरे, ते सॉफ्टवेअरनं पाठवलंय."

"त्येला सांगा, माजा वाढदिवस आज न्हाय. माजा पाडव्याला आस्तोय. आन् पेढं कुनी द्यायाचं, म्या का तुमी?"

पेढे मी आणले. त्याच्या बायकोला फोन करून मीच सगळा खुलासा केला. तिचा किती विश्वास बसला देव जाणे.

संध्याकाळी मुलीला हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिच्याजवळच्या मैत्रिणी काय झालं म्हणून विचारायला आल्या. खूप दिवसांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. सॉफ्टवेअरच्या निमित्तानं ती आता रोज फोन करायची. पूर्वी रविवारी एकदा, तोही आईला, आणि शेवटी "पप्पांना दे" म्हणून दोन शब्द. आता उलटं झालं होतं. आज काय टाकलं, कुठं अडलं, कंपनीवाले काय म्हणाले. मी अडलेलं सविस्तर सांगायचो, न अडलेलंही सांगायचो. बायकोनं एकदा विचारलं, "तुमी सॉफ्टवेअर निवडायलाव का पोरीसंगं बोलायला निमित्त हुडकायलाव?" मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती.

दुसरं सॉफ्टवेअर घेतलं ते विकत. त्यात जन्मतारखेची सक्ती नव्हती, ते बघूनच घेतलं. पण त्याला दुसरीच खोड होती. मोटार देऊन काही आठवडे झाले की ते आपण होऊन गिऱ्हाइकाला विचारायचं, आपली मोटार व्यवस्थित चालू आहे ना? कंपनीवाल्यांना याचं फार कौतुक. पण चालत्या मोटारीची चौकशी आमच्याकडं कुणी करत नाही. विहिरीवर गेलो तरी मोटारीबद्दल बोलत नाहीत, पिकाबद्दल बोलतात. मोटार बरी चालली आहे असं तोंडातून काढलं की तिला दृष्ट लागते, अशी माणसांची समजूत आहे, आणि माझीही थोडी आहे.

व्हायचं तेच झालं. येरमाळ्याचे एक म्हातारे शेतकरी एसटीनं दुकानात आले. खुर्ची दिली तर बसेनात.

"मोटार गपगुमान चालली व्हती," ते म्हणाले. "तुमी इचारलं आन् दुसऱ्या दिशी जळाली."

"काका, तुमच्याकडं व्होल्टेज कमी येतंय. त्यानं जळाली आसंल."

"व्होल्टेज रोजच कमी येतंय. इचारलं तुमी येकदाच."

मी त्यांचं वायंडिंग मजुरी न घेता करून दिलं आणि कंपनीला फोन लावला. आधी भाषा निवडा, मग अमुक दाबा, मग तमुक दाबा, मग गाणं ऐका. शेवटी माणूस आला. त्याला म्हटलं, तो प्रश्न बंद करा. तो म्हणाला, सर, तीच तर आमची खासियत आहे, त्याशिवाय गिऱ्हाइकाला जिव्हाळा कसा वाटेल? मी त्याला विचारलं, तुझ्या घरी विहीर आहे का? नाही म्हणाला. मग बाबा गप बस, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. त्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि तेवढ्यावर त्यांचा-माझा संबंध संपला.

एव्हाना मेस्त्री संगणकाकडं पाठ करून बसायला लागला होता. बाजूचे दुकानदार येता-जाता विचारत होते, "काय म्हनतंय नातं?" मीही कधीच सोडून दिलं असतं. दुकानाला याची गरज आहे असं मला एकदाही वाटलं नाही. पण सिस्टीम लागल्याशिवाय पोरगी येणार नव्हती, म्हणून मी दात-ओठ खात तिसरं शोधलं.

हे तिसरं धाराशिवच्या एका नवरा-बायकोनं घरच्या घरी तयार केलेलं होतं. ती बाई स्वतः आली आणि तिनं सॉफ्टवेअर दाखवलंच नाही. दिवसभर स्टुलावर बसून नुसतं बघत होती, मोटारी कशा येतात, कोण आणतं, मी काय बोलतो. जाताना माझ्या मुलीशी व्हिडिओवर बोलली. दोघींचं असं जमलं की मला आणि मेस्त्रीला कुणी विचारेना. पुढच्या खेपेला ती घेऊन आली तेव्हा पडद्यावर मराठीत एवढेच रकाने होते: मोटार कोणाची, विहीर कोणती, आणली कोणी, फोन कोणाला करायचा, मागं काय झालं होतं. वाढदिवस नाही, ईमेल नाही, आणि मोटार तयार झाली एवढा एकच निरोप जायचा. मी खोट काढायला म्हणून चष्मा लावून बसलो होतो, पण काही सापडलं नाही.

ते भरायला मुलगी रजा घेऊन आली. ते दिवस मी विसरणार नाही. ती तिच्या जुन्या खुर्चीत, मी समोर. ती एकेक गाव घ्यायची आणि मी बोलत सुटायचो. या विहिरीला उन्हाळ्यात गाळ येतो. या बोअरची केबल उंदरांनी खाल्ली होती. हे दोघं भाऊ एका विहिरीवर आहेत पण एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून फोन दोघांनाही वेगवेगळा करायचा. मी पानभर सांगायचो, ती एका ओळीत उतरवायची आणि तरी त्यात काही राहून गेलेलं नसायचं. इतकी वर्षं मी हे सगळं बाळगत आलो ते कुणीतरी विचारावं म्हणूनच, असं मला वाटलं. बायको चहा ठेवून जाताना दोघांकडं बघून हसायची.

गिऱ्हाइकं यायची ती तिला ओळखायची. एका बाईनं विचारलं, "ताई, आता हितंच का?" ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "व्हय, आता हितंच." मुलीनं पडद्यावरची नजर वर केली नाही.

रजा संपली, ती गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. लागलेली नोकरी काय एका दिवसात सुटते? राजीनामा द्यायचा, मुदत भरायची, खोली सोडायची. तेवढ्यात मी दुकानाच्या एका बाजूला काच लावून लहानसं केबिन करून घेतलं, तिला वार्निशच्या वासाचा त्रास होऊ नये म्हणून. आत कूलर बसवला. मेस्त्रीनं वायरिंग इतकं नीट केलं की कुठं एक खिळा वाकडा नाही. येईल त्याला मी केबिन दाखवत होतो.

सॉफ्टवेअर बिनबोभाट चालू होतं. मेस्त्री आता न सांगता नोंद करायचा. मी तालुक्याला गेलो तरी दुकान माझ्यावाचून अडत नव्हतं. आणि एक दिवस पिकअपवाला मोटार उतरवताना म्हणाला, "ताईंचा फोन आल्ता पुन्यावनं. ह्या विहिरीची मोटार लागोपाठ जळायली, स्टार्टर बी बदलून घ्या म्हनल्या. म्हनून स्टार्टर बी आनलाय काढून."

मला इतका आनंद झाला की मी हातातलं काम टाकून केबिनमध्ये गेलो आणि तिथूनच तिला फोन लावला. म्हटलं, "तू तर येण्याआधीच कामाला लागलीस. केबिन तयार आहे. राजीनामा कधी देतेस?"

ती फार प्रेमानं म्हणाली, "पप्पा, आता राजीनामा कशाला? मला इथून सगळं दिसतं. दुपारी डबा खाताना मी उघडते, काय अडलंय ते कळतं, लागलं तर फोन करते. आता तर तिथे असायची गरजच राहिली नाही. किती छान झालं ना?"

मी म्हणालो, "अगं, मी ते दुकानासाठी घेतलं नव्हतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण पप्पा, तिथे येऊन राहणं माझ्याच्यानं होणार नाही. हे मला आधी सांगता आलं नाही. दुकान मी सोडणार नाही, एवढं नक्की."

मी तिला बरं म्हणालो. ओरडलो नाही, न ओरडणं माझ्या स्वभावात बसत नाही, पण ओरडायला काही सुचेना. कंपनीवाल्यांवर ओरडता आलं असतं, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये खोट होती. हिच्यात नव्हती. जे तिनं मागितलं होतं ते मी जिवापाड धडपडून तिला दिलं होतं, आणि त्यातच तिचं परत यायचं कारण संपलं होतं. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

घरी आल्यावर बायकोनं तोंड बघून ओळखलं. सगळं ऐकून घेतलं, काही वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मंग काढून टाका त्ये सॉफ्टवेअर. इत्की काढली, आजून येक."

"ह्ये न्हाय काढता येत," मी म्हणालो. "ह्ये लई चांगलं चाललंय."